लेणी कोणाच्या खात्यात?
(संस्कृती, पर्यटन आणि विमान वाहतूक या सरकारी खात्यांचा एक अभ्यास)

प्रास्ताविक



काही वर्षांपूर्वी आम्ही शिरूरहून मुलांची एक अभ्यास सहल जुन्नरच्या लेण्यांना नेली होती. पायऱ्या चढून वर आल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, ही लेणी आता कोणाची आहेत?" आम्ही चटकन उत्तर दिले, "आपली!" ती म्हणाली, "मग तिकीट कोण घेतं?" या प्रश्नाला आमच्याजवळ धड उत्तर नव्हते.

त्याआधी आमचे असेच एकदा हसे झाले होते. एका लेण्यातील पाण्याच्या टाक्यात प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडलेला पाहून आम्ही चारचौघांच्या सह्यांचा अर्ज केला आणि जवळचे कार्यालय म्हणून एका कार्यालयात नेऊन दिला. चार महिन्यांनी उत्तर आले, "सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही." राग आला, पण बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला त्यात दोष कोणाचा हे कळायला वेळ लागू नये. पैसे भरायची स्लीप कर्जाच्या काउंटरवर दिली तर ती परतच येणार. चूक आमची होती. कोणते काम कोणत्या खात्याचे, हे आम्ही समजूनच घेतले नव्हते.

त्या दोन प्रसंगांनंतर आम्ही जे वाचले आणि विचारून घेतले, ते या लेखात मांडले आहे. मोर्चा काढण्याआधी आणि अर्ज लिहिण्याआधी हे प्रत्येकाला ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

एकाच घरातील तीन भावंडे

जुनी वास्तू जपणे हे संस्कृती खात्याचे काम. ती पाहायला माणसे यावीत, त्यांची राहण्या-जेवणाची सोय व्हावी, हे पर्यटन खात्याचे काम. आणि दूरदेशीचा उपासक येथवर पोहोचावा, हे विमान वाहतूक खात्याचे काम. ही तीन कामे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत, की नेपाळमध्ये तिन्हींसाठी अनेक वर्षे एकच मंत्रालय राहिले. त्याचे नावच संस्कृती, पर्यटन तथा नागरी उड्डयन मंत्रालय. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी त्या देशात असल्यामुळे या मंत्रालयाचे नाव आपल्याही कानावर असायला हवे.

आपल्या देशात या भावंडांची वाटणी अनेकदा झाली. १९६७ साली पर्यटन व नागरी विमान वाहतूक मिळून एक मंत्रालय झाले आणि डॉ. करणसिंह त्याचे मंत्री झाले. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतही ही दोन खाती एकाच मंत्र्याकडे होती. संस्कृती विभाग १९८५ नंतर मनुष्यबळ विकास मंत्रालयात, म्हणजे शिक्षणाच्या सोबत होता. पुढे काही काळ पर्यटन व संस्कृती यांचे एकच मंत्रालय होते. आज संस्कृती, पर्यटन आणि नागरी विमान वाहतूक ही तीन स्वतंत्र मंत्रालये आहेत. मंत्री कधी एक असतो, कधी वेगळा. पण दप्तर वेगळे, अंदाजपत्रक वेगळे आणि जबाबदारीही वेगळी. आपला अर्ज चुकतो तो येथेच.

घटनेने केलेली वाटणी

मंत्रालये बदलतात, नावे बदलतात. घटनेतील वाटणी मात्र पक्की आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कामांच्या तीन याद्या आहेत. विद्यार्थ्यांनी पुढील नोंदी पाठ कराव्यात.

संघ यादीतील ६७ वी नोंद : संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची ठरविलेली प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे केंद्राकडे.
राज्य यादीतील १२ वी नोंद : त्याखेरीज इतर प्राचीन स्मारके राज्याकडे.
समवर्ती यादीतील ४० वी नोंद : राष्ट्रीय महत्त्वाची न ठरविलेली पुरातत्त्वीय स्थळे दोघांकडे.

विमान वाहतूक संघ यादीत आहे. पर्यटन हा शब्द मात्र तिन्ही याद्यांमध्ये स्वतंत्र नोंद म्हणून नाही. त्यामुळे केंद्राचेही पर्यटन खाते असते आणि राज्याचेही. आपल्या राज्यात १९७५ सालापासून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ काम करीत आहे.

शिवाय अनुच्छेद ४९ प्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. आणि १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१-क मध्ये संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. म्हणजे सरकारला एक कलम लागू आहे आणि आपल्यालाही एक. पहिले कलम आपण मोठ्याने म्हणतो, दुसरे विसरतो.

संस्कृती खात्याचे काम

संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही संस्था आहे. ती १८६१ साली स्थापन झाली व अलेक्झांडर कनिंगहॅम हे तिचे पहिले प्रमुख. देशातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारके तिच्या ताब्यात आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यातील कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नर परिसरातील लेणी हा त्यातलाच ठेवा. सर्वेक्षणाचे जे विभाग पाडले आहेत, त्यात पुणे जिल्हा मुंबई मंडळात येतो. सहलीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे, की तिकीट घेतले जाते ते या संस्थेमार्फत, केंद्र सरकारसाठी.

ही संस्था ज्या कायद्याने चालते तो १९५८ चा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष यांचा कायदा असे त्याचे नाव. २०१० साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे व त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लेण्यापाशी निळा फलक असतो, तो फोटोची पार्श्वभूमी म्हणून लावलेला नसून या कायद्याची नोटीस म्हणून लावलेला असतो.

जी स्मारके केंद्राच्या यादीत नाहीत पण महत्त्वाची आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे व त्याची अंमलबजावणी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय करते. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी पहिला प्रश्न हा, की स्मारक केंद्र संरक्षित आहे, राज्य संरक्षित आहे, की कोणत्याच यादीत नाही?

सर्वच बौद्ध स्थळे या एका संस्थेकडे आहेत असेही समजू नये. बोधगयेच्या महाविहाराचे व्यवस्थापन बिहारच्या १९४९ च्या स्वतंत्र कायद्याप्रमाणे नेमलेल्या समितीकडे आहे. म्हणून तेथील प्रश्न वेगळा आणि त्याची वाटही वेगळी.

संस्कृती खाते परदेशात गेलेल्या ठेव्यासाठीही झटू शकते. याचे ताजे उदाहरण पिप्रहवा येथील रत्नांचे. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने उत्तर प्रदेशातील पिप्रहवाचा स्तूप खणला, तेव्हा अस्थिधातूंबरोबर रत्नेही मिळाली. त्यातील त्याच्या कुटुंबाकडे राहिलेला भाग मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होता. संस्कृती मंत्रालयाने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला, आणि जुलै २०२५ मध्ये भारतीय उद्योगसमूहाच्या मदतीने ती रत्ने मायदेशी आली. नोटिशीचा एक कागद योग्य वेळी, योग्य दारात पडला तर काय होते, हे यावरून दिसते.

पर्यटन आणि विमान : लाभ व जोखीम

पर्यटन खात्याने बौद्ध स्थळांचा एक परिक्रमा मार्ग मानला आहे. स्वदेश दर्शन योजनेत त्यासाठी रस्ते, निवास, माहिती केंद्रे अशी कामे घेतली गेली. बौद्ध स्थळांसाठी महापरिनिर्वाण एक्सप्रेस ही खास रेल्वेगाडीही सुरू झाली. विमान वाहतूक खात्याकडून २० ऑक्टोबर २०२१ रोजी कुशीनगर येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले व पहिले विमान श्रीलंकेहून आले. लुंबिनीजवळ भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेला सुरू झाला. परंतु दोन्ही ठिकाणी अपेक्षेइतकी विमाने उतरली नाहीत. धावपट्टी बांधली म्हणजे यात्रेकरू आलाच, असे नाही. त्याला उतरायला जागा, खायला अन्न आणि समजावून सांगायला माहीतगार माणूसही लागतो.

तिन्ही खात्यांचे काम एकत्र पाहायचे तर अजिंठ्याला जावे. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती लेणी पडली. १९८३ साली अजिंठा व वेरूळ ही स्थळे जागतिक वारसा यादीत गेली. पुढे जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याच्या पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा व दुसऱ्याचा २००३ चा. त्यात लेण्यांची दुरुस्ती होती, रस्ते होते, पाणीपुरवठा व वृक्ष लागवड होती आणि चिकलठाणा विमानतळाची सुधारणाही होती. एकाच योजनेत संस्कृती, पर्यटन व विमान!

पण माणसे वाढली तशी नवी अडचण आली. गाड्यांचा धूर आणि माणसांच्या श्वासातील ओल हे दोन्ही भित्तिचित्रांचे शत्रू. त्यावर उपाय म्हणून खासगी गाड्या फर्दापूरजवळ, सुमारे चार किलोमीटर अलीकडेच थांबवितात व तेथून बसने लोकांना नेतात. चित्रे असलेल्या लेण्यांमध्ये एका वेळी मोजकीच माणसे सोडतात. आत गेल्यावर पहारेकरी "चला, चला" म्हणतो तेव्हा आपल्याला राग येतो. परंतु पर्यटन खात्याला माणूस हवा असतो आणि संस्कृती खात्याला त्या माणसाचा श्वास नको असतो! या दोहोंचा मेळ घालणे हीच खरी कसोटी आहे.

जुना हिशोब

आता आमच्या पेशाच्या जवळची एक गोष्ट सांगतो. ज्या काळी मंत्रालये नव्हती, त्या काळी लेण्यांचा खर्च कसा चाले? याचे उत्तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने लेणे दान दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी कायम ठेव. ही ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने.

आता वही काढून हिशोब करा. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० व वर्षाला २४० कार्षापण. शिलालेखात म्हटले आहे, की वर्षावासासाठी राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. एका पैचाही फरक नाही! उरलेल्या १,००० चे व्याज वर्षाला ९० येते, ते भिक्खूंच्या किरकोळ खर्चासाठी. शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत ऐकवून दप्तरात नोंदविला, असेही लिहिले आहे. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीचा हा हिशोब आम्ही प्रथम पडताळून पाहिला, तेव्हा बँकेत वर्षअखेरीचा ताळा जुळावा तसा आनंद झाला.

अशा ठेवी फक्त राजघराण्याच्याच होत्या असे नव्हे. जुन्नरच्या शिलालेखांत बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या देणग्या आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात यवन दात्यांचीही नावे आहेत. म्हणजे ही लेणी हातावर पोट असणाऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि परक्या मुलखातून आलेल्यांच्या वर्गणीतून उभी राहिली व चालली. ज्या टाक्यातल्या बाटल्यांसाठी आम्ही अर्ज केला, तसले टाके कोणा एका श्रेणीने आपल्या कमाईतून खोदवून दिलेले असते. हे कळल्यावर त्यात बाटली टाकणारा हात थबकेल, असे आम्हांस वाटते.

आपल्या शिरूर तालुक्याचा ठेवा

विद्यार्थी म्हणतील, की हे सगळे जुन्नरचे आणि नाशिकचे झाले, शिरूरचे काय? आपल्या तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. घरांचे पाये मिळाले, जळालेले धान्य मिळाले, पुराचे पाणी अडविण्यासाठी घातलेला बांध मिळाला, आणि चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला माणूसही मिळाला. लेणी खोदली जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या याच नदीकाठी माणूस सातू पिकवीत होता, हे त्यामुळे जगाला कळले.

शेत नांगरताना खापर, नाणे किंवा मूर्ती मिळाली तर काय करावे, हेही येथे सांगणे जरूर आहे. १८७८ च्या निखात निधीविषयक कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर आणि त्या परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत. भंगारवाल्याला विकलेले नाणे वजनाने मोजले जाते, तेच नाणे संग्रहालयात इतिहास म्हणून मोजले जाते.

आपण काय करावे

१. लेण्यावर गेल्यावर आधी फलक वाचावा आणि स्मारक केंद्राचे की राज्याचे ते वहीत टिपावे.

२. लेण्याची मोडतोड, गळती किंवा हद्दीतील बांधकाम यांविषयीचा अर्ज केंद्र संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाकडे, राज्य संरक्षित असल्यास राज्याच्या संचालनालयाकडे द्यावा. वाहनतळ, निवास व माहितीफलक यांविषयी पर्यटन खात्याला लिहावे. अर्जात ठिकाण, तारीख आणि छायाचित्र असावे. पोच घेतल्याशिवाय हलू नये.

३. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. केंद्राच्या कार्यालयासाठी शुल्क १० रुपये आहे आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

४. आपल्या मनाने लेण्यात रंगरंगोटी, सिमेंटचे काम किंवा खोदकाम करू नये. हेतू चांगला असला तरी हानी होतेच आणि गुन्हाही होतो.

५. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला आणि कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला मोठ्या संख्येने भाविक येतात. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी शेजारच्या चैत्यगृहाची माहिती त्यांना आदराने सांगावी. ज्याला एखादी वास्तू समजली, तो तिची नासधूस करीत नाही.

एक कबुली

लेखाचा शेवट करण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. कॉलेजात असताना आम्ही मित्र एका लेण्यात गेलो होतो. तेथे खिळ्याने भिंतीवर नावे कोरली. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. वीस-बावीस वर्षांनी त्याच लेण्यात मुलांना घेऊन गेलो आणि मुलांना "भिंतीवर काही लिहू नका" असे बजावत असतानाच आमचे स्वतःचे नाव, आमच्याच अक्षरात, डोळ्यांसमोर आले. मुलांच्या ते लक्षात आले नाही. आम्ही मात्र पुढचे चार शब्द बोलू शकलो नाही. त्याच भिंतीच्या वरच्या भागात दोन ओळींचा ब्राह्मी लेख होता. कोणी काय दान दिले ते त्यात लिहिले होते. दात्याने आपले नाव दान देऊन कोरले होते आणि आम्ही काहीही न देता.

मंत्रालये तीन असोत वा एक, त्यांना जाब जरूर विचारावा. तो आपला हक्क आहे. पण जाब विचारणाऱ्याचे स्वतःचे खाते कोरे नसावे, त्यात काही जमा असावे. सहलीतल्या त्या मुलीला आता आम्ही असे सांगू : लेणी केंद्र सरकारच्या ताब्यात आहेत, तिकीट सरकार घेते; पण ठेव आपल्या पूर्वजांची आहे. मुद्दल जपायचे आहे आणि व्याज, म्हणजे ज्ञान, वाटायचे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके घटनेच्या कोणत्या यादीत व कितव्या नोंदीत आहेत?
२. संरक्षित हद्दीपासून किती मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे? त्यापुढील २०० मीटरसाठी नियम काय?
३. उषवदाताच्या १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण दराने महिन्याचे व वर्षाचे व्याज काढा.
४. अजिंठ्याला गाड्या दूर का थांबवितात? कारणे सांगा.
५. आपल्या गावातील एक जुनी वास्तू निवडून ती कोणत्या यादीत आहे याचा शोध घ्या आणि संस्थेच्या पुढील बैठकीत पाच मिनिटे बोला.